मोबाईलात न मावलेलं

माझं नाव बेबीनंदा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे हसण्यासारखं फारसं काही नाही.

त्या काळात आम्ही जालन्यात मस्तगडला राहायचो. पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. देवानंद, म्हणजे आमचे हे, लग्नांचं शूटिंग करायचे आणि मी कॉम्प्युटरवर बसून मिक्सिंग करायची. नवरीच्या चेहऱ्यातून गुलाब उमलवायचा, नवरदेव बदामातून बाहेर काढायचा, की दोन्हीकडची मंडळी खूश. मग मोबाईलात कॅमेरे आले आणि आमचा ताप वाढला. ज्याच्या त्याच्या खिशात काहीतरी शूट केलेलं, आणि प्रत्येकाला ते घरच्या टीव्हीवर बघायचं. एका काकासाहेबांनी तर मोबाईलातलं कार्ड काढून सरळ व्हीसीडी प्लेयरच्या फटीत सारलं आणि मग प्लेयर उलटा करून झटकत झटकत आमच्याकडे आले. मी पोट धरून हसले होते.

काम तसं सोपं, पण वेळखाऊ. मोबाईलातली फाईल टीव्हीला कळत नाही. ती कॉम्प्युटरात घ्यायची, टीव्हीला चालेल अशी करायची आणि सीडीवर उतरवायची. मोबाईल सेकंदाला मोजकीच चित्रं घेतो, टीव्हीला मात्र पंचवीस लागतात. मधली कमी पडलेली चित्रं कॉम्प्युटर आपल्या मनाने भरून काढतो. बहुतेक वेळा आधीचंच चित्र पुन्हा लावतो. हे मी गिऱ्हाइकांना मोठ्या तोऱ्यात समजावून सांगायची. आता सांगत नाही.

उन्हाळ्याचे दिवस होते. दुपारच्या उन्हात गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं, आणि देवानंद भोकरदनला एका लग्नाला गेले होते. तेव्हा तुळजाबाई आल्या. पन्नाशीच्या बाई, घनसावंगीकडच्या एका खेड्यातल्या. डोक्यावरून पदर, कडेवर वर्षाची पोरगी, आणि हातात रुमालात बांधलेला मोबाईल. आत आल्यावर त्यांनी भिंतीवरच्या आमच्या फोटोंकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ताई, घोटभर पानी देता का?" मी दिलं. आधी पोरीला पाजलं आणि मग स्वतः प्यायल्या.

"ह्याच्यातली माझी लेक टीव्हीत घालायची हाय," त्या म्हणाल्या.

बोलण्याची ही तऱ्हा मला सवयीची होती. मी फाईल कॉम्प्युटरवर घेतली आणि लावून पाहिली.

डोहाळजेवणाचं शूटिंग होतं, तेही अगदी छोटंसं. हिरव्या साडीतली एक मुलगी खुर्चीवर बसलेली. केसांत, दंडाला, कमरेला फुलांचे दागिने. मागे बायकांची गर्दी. तिच्यासमोर दोन झाकलेल्या वाट्या. तिने एक उघडली, तर आत बर्फी. बायकांनी एकच गलका केला. बर्फी म्हणजे मुलगी. मोबाईल धरलेला माणूस, म्हणजे तिचा नवरा, म्हणाला, "घ्या! पोरगी हाय. नाव काय ठेवायचं मंग?" ती लाजली, हसली, कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "सांगते..."

आणि तिथेच संपलं.

"एवढंच आहे, मावशी," मी म्हटलं.

"तेवढंच मावलं त्याच्यात," तुळजाबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "इवलासा तर हाय मोबाईल. टीव्ही मोठा असतो. टीव्हीत समदं मावंल."

टीव्ही मोठा असला तरी न घेतलेलं चित्र त्यात कुठून येणार, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. त्या मान हलवत राहिल्या, जसं आपण लहान मुलाचं ऐकून घेतो. मग मी नाद सोडला आणि फाईल लावून दिली. अर्धं काम झालं नाही तोच लाईट गेली. यूपीएसची बॅटरी थोडी चिरचिरली आणि कॉम्प्युटर बंद पडला. आता लाईट येईपर्यंत बसून राहणं आलं. पोरगी फरशीवर झोपली होती, मी तिला वर्तमानपत्राने वारा घालत होते, आणि तुळजाबाई बोलू लागल्या.

लेकीचं नाव आशामती. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आणलेली. कळा सुरू झाल्या तेव्हा गावात एकही जीप नव्हती. एक लग्नाला गेलेली, एकीचं चाक पंक्चर. शेवटी ट्रॅक्टरवर घातलं. पोरगी वाटेतच झाली. आशामतीला तेव्हा शुद्ध नव्हती, आणि नंतर ती आलीच नाही.

"तिला कळलंबी न्हाई ताई, काय झालं ते. पोरगा का पोरगी. डोळं उघडून बघितलंच न्हाई."

पुढचं सांगताना त्यांचा आवाज कोरडा झाला. बाळंतीण गेली की ती लेकरासाठी माघारी येते, असं गावात मानतात. म्हणून माणसांनी सरणापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत राळे टाकले. ते बारीक बारीक दाणे वेचल्याशिवाय तिला घरी येता येत नाही, आणि रात्र सरेपर्यंत ते वेचून होत नाहीत.

"राळे आता पिकवतं का कोनी? तरी हुडकून आनले. जीप भेटली न्हाई, राळे मातर जल्दी भेटले." त्या म्हणाल्या, "मी काहीच बोलले न्हाई ताई. माझ्या लेकीची वाट बंद करून राह्यले व्हते, अन मी वसरीवर बसून बघत व्हते."

आमच्या घरात भूतखेत मानत नाहीत, मी लहानपणापासून असल्या गोष्टींवर तोंड सुटल्यासारखी बोलत आले आहे. त्या दिवशी मात्र मी नुसता पोरीला वारा घालत राहिले.

जावयाने दुसरं लग्न केलं होतं. नव्या बायकोला जुन्या बायकोचं काही घरात नको होतं, म्हणून त्याने मोबाईलच देऊन टाकला. पोरीचं बारसं झालं नव्हतं. आत्याला निरोप धाडला, तर ती आली नाही. आणि तुळजाबाई स्वतः कुठलं नाव ठेवायला तयार नव्हत्या. लेकीने नाव ठरवून ठेवलं होतं. ती सांगणार होती.

"तेवढं नाव कळलं की बास. दुसरं काई न्हाई मागत मी."

ऊन उतरलं तेव्हा लाईट आली. मी पुन्हा पहिल्यापासून काम लावलं. ते संपलं, आणि मी पाहिलं तर तयार झालेली फाईल मूळ फाईलपेक्षा मोठी होती. वजनाने मोठी होतेच, त्याचं काही नाही. पण ही वेळेने मोठी होती.

मी लावून पाहिली. वाट्या, बर्फी, गलका, "सांगते..." आणि चित्र संपलं नाही. मुलगी तशीच खुर्चीवर बसून होती. म्हटलं, कॉम्प्युटरने शेवटचंच चित्र धरून ठेवलं असणार. पण शेवटच्या चित्रात मागे बायका होत्या. इथे मागे कोणी नव्हतं. भिंत होती, खुर्ची होती, आणि तिच्या दंडावरची फुलं सुकून तपकिरी झालेली होती. ती मान जरा वाकडी करून समोर बघत होती. अंधारात आपण कोणाची चाहूल घेतो ना, तशी.

मी ती फाईल पुसून टाकली. पुन्हा केली. ती आणखी लांब निघाली. ह्या वेळी ती खुर्चीतून उठलेली होती.

"पुढचं आलं का, ताई?" मागून आवाज आला.

मी वळून बघितलं नाही. "नाही मावशी. मशीन बिघडलंय वाटतं. जास्तीचं आलंय ते कापून देते."

"कापू नका." तुळजाबाई उठून माझ्या खुर्चीपाशी आल्या. त्यांनी माझा खांदा घट्ट धरला. "तुमच्या पाया पडते. काईबी असू द्या, कापू नका."

मला भीती वाटली हे खरं. पण ती विनवणी मला जास्त सोसेना. मी न कापता सीडी केली.

सीडी देण्याआधी ती आमच्याच टीव्हीवर लावून बघायची, ही आमची रीत. दिवेलागण होत आली होती. तुळजाबाईंना शेवटची गाडी गाठायची होती. मी सीडी घातली. पोरगी झोपेतून उठून फरशीवर बसली होती, टीव्हीच्या अगदी समोर.

मोठ्या पडद्यावर सगळं फुटकं, चौकोनी दिसत होतं. बायकांचे चेहरे नुसते डाग. आशामतीचा चेहरा मात्र स्वच्छ होता. तुळजाबाईंनी पदर तोंडाला लावला. नवऱ्याचा प्रश्न आला. "सांगते..." आणि बायकांचा गलका असा थांबला, जसं कोणी दार लावून घ्यावं.

वास मला आधी आला. ओवा आणि बाळंतशेपा निखाऱ्यावर टाकल्यावर येतो तो धुराचा वास. मी दोन बाळंतपणं काढली आहेत, तो वास मला चुकीचा कळणार नाही. आमच्या घरात काय, गल्लीतही तेव्हा कोणी बाळंतीण नव्हती.

आशामती खुर्चीतून उठली होती. ती पडद्याच्या जवळ जवळ येत होती, आणि तिचे डोळे इकडून तिकडे फिरत होते. तिला आम्ही दिसत नव्हतो.

"आशे..." तुळजाबाई कुजबुजल्या. "इकडं... हितं हाय मी."

डोळे फिरायचे थांबले.

"माय..." आवाज टीव्हीच्या डब्यातून येत होता, पण फार लांबून. "माय... काय झालं गं मला?"

तुळजाबाई ओरडल्यासारख्या म्हणाल्या, "पोरगी! पोरगी झाली, आशे. तुझ्यासारकीच हाय... बघ, ही काय, म्होरंच बसलीया..."

आशामतीने खाली पाहिलं. मी आजवर शेकडो नवरींचे, शेकडो आयांचे चेहरे कापले-जोडले असतील. तसा चेहरा मी पाहिला नाही, आणि परत बघायची माझी तयारी नाही. ती हसली. रडावं तशी हसली. मग ती खाली वाकली, इतकी की पडद्यावर नुसते केस उरले.

आणि लाईट गेली.

टीव्ही बंद. खोलीत मिट्ट काळोख. माझा हात काडेपेटी शोधत होता, पण ती जागेवर असून मला सापडत नव्हती. तेवढ्यात खाली फरशीवर, पोरगी बसली होती तिथे, हलकासा आवाज आला.

"कुर्रर्र..."

बारशाला आत्या बाळाच्या कानाशी करते तो आवाज. आणि त्यामागून एक कुजबुज, एकाच शब्दाची. पोरगी खुदकन हसली.

मी काडी ओढली. पोरगी एकटीच बसली होती. गुदगुल्या झाल्यासारखा एक खांदा तिने कानाला लावला होता.

"काय म्हनली?" तुळजाबाईंनी माझा दंड धरला. "ताई, काय नाव म्हनली?"

"मला नाही ऐकू आलं, मावशी."

"मलाबी न्हाई..." त्या तिथेच खाली बसल्या आणि कपाळावर हात मारून घेऊन रडू लागल्या. एवढी जवळ येऊन लेक बोलली होती, आणि ते फक्त त्या अजून बोलता न येणाऱ्या पोरीच्या कानात पडलं होतं. मीही रडले. भीतीने की कशाने, मला आजही सांगता येणार नाही.

सीडी त्या घेऊन गेल्या. माझं धाडस झालं नाही नको म्हणायचं.

त्याच वर्षी दसरा झाल्यावर त्या परत आल्या. पोरगी चालायला लागली होती. तुळजाबाई मात्र अशा वाळल्या होत्या की मी आधी ओळखलंच नाही. दिवस कलला होता, पण दारातून चांगला उजेड येत होता. देवानंद आत जेवत होते. तुळजाबाईंनी रुमालातून मोबाईल आणि सीडी काढून टेबलावर ठेवली.

"बोलते का आता ही?" मी विचारलं.

"एकच शब्द बोलती. 'ओ'." त्या पोरीकडे बघत म्हणाल्या. "छकुली म्हना, सोनी म्हना, कोन्त्याबी नावानं हाक मारा, मान वळवत न्हाई. अन कोनी हाक न मारता मधीच 'ओ' देती. आधी घरातल्या घरात द्यायची. मंग उंबऱ्यापस्तोर जाऊ लागली. परवा दुपारी घरात न्हाई. हुडकत गेले, तर मसनवट्याच्या वाटंवर बसल्याली. मातीतून दानं येचून राह्यली व्हती."

मी पोरीच्या हातांकडे पाहिलं.

"ताई, हे उलटं व्हतं का?"

"उलटं म्हणजे?"

"टीव्हीतून परत मोबाईलात. त्याच्यात लहान व्हती तव्हा बरी व्हती. नुसती हसायची." त्यांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. "पोटची लेक हाय माझी. तिला परत कोंडा म्हनायला आले मी. माझी जीभ झडंल ताई, पर ही पोरगी न्हाई ऱ्हायली तर मी कुनाच्या तोंडाकडं बघू?"

उलटं होतं का, हे मलाच ठाऊक नव्हतं. होत असेल. पण त्यांना तसंच परत पाठवणं माझ्याच्याने होईना. म्हटलं, आधी मोबाईलातली मूळ फाईल तर बघू. ती तशीच आहे असं दाखवलं, तर बाईच्या जिवाला जरा बरं वाटेल.

मी मोबाईलवर ती लावली. मागे बायका होत्या. समोर दोन वाट्या होत्या. मधे रिकामी खुर्ची होती. बायका त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हसत होत्या, एकीने पुढे होऊन खुर्चीच्या पाठीवरून मायेने हात फिरवला. नवरा म्हणाला, "घ्या! पोरगी हाय. नाव काय ठेवायचं मंग?"

कोणी काही बोललं नाही. चित्र संपलं.

"व्हतंय का, ताई?" तुळजाबाई आशेने विचारत होत्या. त्यांच्या बाजूने पडदा दिसत नव्हता.

"बघते," मी म्हटलं. मोबाईल मी पालथा ठेवला.

"ओ!" दारातून आवाज आला.

पोरगी उंबऱ्यात उभी होती, तोंड गल्लीकडे. गल्लीत माणूस नव्हतं. तिने दोन्ही हात वर केले, कडेवर घ्या म्हणताना मुलं करतात तसे. तिच्या टाचा उचलल्या गेल्या. मग चवडे.

मी ओरडून उठले. तुळजाबाईंनी माझं मनगट पकडलं. ज्या बाईने आत्ताच लेकीला कोंडायला सांगितलं होतं, तिने मला पुढे जाऊ दिलं नाही.

"घेऊ द्या," त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. "एकदाबी घेतली न्हाई तिनं. एकदाबी न्हाई."

पोरीने उंबऱ्यावर, अधांतरी, डोकं कुठेतरी टेकवलं. तिचा गाल कशावर तरी दबलेला मला दिसला. आतून देवानंदांच्या ताटाचा आवाज येत होता, आणि खोलीत ओव्याचा वास पसरला होता.

बऱ्याच वेळाने तुळजाबाईंनी घसा साफ केला. रोजच्या आवाजात, लेकीला घरात हाक मारावी तशा म्हणाल्या, "आशे... दे गं आता इकडं. गाडी चुकंल."

बराच वेळ काही झालं नाही. मग पोरीचे पाय हळूच फरशीला टेकले.

तुळजाबाईंनी टेबलावरची सीडी आणि मोबाईल उचलला, रुमालात बांधला. उलटं करायचं काही त्या परत बोलल्या नाहीत. पोरीचा हात धरून त्या पायऱ्या उतरल्या. मी दारात उभी राहून त्या वळणापर्यंत जाईतो बघत होते. पोरीचा एक हात तुळजाबाईंच्या हातात होता. दुसराही वर होता, बोटं कशाभोवती तरी मिटलेली. आणि चालताना पोरगी आजीकडे नाही, त्या दुसऱ्या बाजूला रेलत होती.